पावसाळ्यात फिरायला वॉटरप्रूफ कॅमेरा घेताय? मीटरचा आकडा शेवटी बघा

कास, ठोसेघर, भांबवलीचा वजराई, बामणोलीवरनं शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) जाणारी लाँच, कुठंही जा, साताऱ्यात फिरायचं म्हणलं की अंगावर पाणी येणारच. त्यामुळं पावसाळा जवळ आला की नव्यानं ट्रेकला यायला लागलेली पोरं-पोरी विचारतात, दादा, वॉटरप्रूफ कॅमेरा कुठला घेऊ, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, किती मीटरवाला घेऊ?

माझं सरळ म्हणणं आहे की मीटर सगळ्यात शेवटी बघा. आपल्या भागात खोल पाण्यात उतरून फोटो काढणारे फार थोडे, आणि पावसाळ्यात कृष्णा-वेण्णेचं पाणी इतकं गढूळ असतं की आत बुडवलेला स्वतःचा हात दिसत नाही. आपल्याकडं खरी चणचण उजेडाची असते. जुलैत यवतेश्वरचा घाट चढून वर गेलं की भर दुपारी बाराला दिवेलागण झाल्यासारखं वाटतं, धुकं, वरनं भुरभुर, वारा. तिथं कॅमेरा किती खोल जाऊ शकतो याचं काय करायचंय, तिथं लेन्स किती उजेड आत घेते ते कामाला येतं. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, म्हणजे दुकानात गेल्यावर गोंधळ होणार नाही.

आधी ठरवा, कॅमेरा लागतोय का

हे पहिलं ठरवा, कारण पैसे बरेच जातात. हल्लीचे चांगले फोन आयपी६८ (धूळ-पाणी सोसण्याचा दर्जा) असतात, आणि त्यांच्या मेन कॅमेऱ्याचा सेन्सर या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांपेक्षा बऱ्याचदा मोठा असतो. म्हणजे नुसता समोरच्या डोंगराचा फोटो असेल, संध्याकाळचा असेल, तर फोनचा फोटो जास्त चांगला येईल, हे आधीच मान्य करून टाका.

मग कॅमेरा कशाला? एक तर ओल्या हातानं फोनची स्क्रीन चालत नाही, पाण्याचा थेंब पडला तरी स्क्रीनला वाटतं बोट लागलं, आणि भलतंच काहीतरी उघडतं. कॅमेऱ्याला बटणं असतात, भिजलेल्या हातानं, हातमोजे घालून, चिखल लागलेल्या अंगठ्यानं पण दाबता येतात. दुसरं म्हणजे आयपी६८ म्हणजे काय तर प्रयोगशाळेत, साध्या स्वच्छ पाण्यात, कंपनीनं सांगितलेल्या खोलीवर ठरावीक वेळ (बऱ्याच फोनला दीड मीटर, अर्धा तास). आणि एवढं असून पाणी आत गेलं तर वॉरंटीत बहुतेक कंपन्या ते धरत नाहीत. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोन पाण्यात गेला तर नुसते फोटोच जात नाहीत, युपीआय गेलं, घरचे नंबर गेले, मॅप गेला, आणि कोयनेच्या बॅकवॉटरकडं रेंज आधीच धड नसते. जंगलात फोनची बॅटरी आणि फोन दोन्ही अडीअडचणीसाठी राखून ठेवायच्या असतात, फोटोत संपवायच्या नाहीत.

प्लास्टिकच्या पाऊचमध्ये फोन घालून फोटो काढणं हा होडीत बसण्यापुरता उपाय आहे. आतनं वाफ धरते, फोटो दुधाळ येतात.

आता अॅक्शन कॅमेरा की कॉम्पॅक्ट (खिशात मावणारा साधा कॅमेरा), हे पण इथंच ठरवा. सायकलवर लावायचाय, पाचगणीला पॅराग्लायडिंग करताना छातीवर लावायचाय, हिल मॅरेथॉनला डोक्यावर बांधायचाय, मुख्य काम व्हिडिओचं आहे, तर सरळ अॅक्शन कॅमेरा घ्या. गोप्रो हिरो १३ ब्लॅक वरनं केस न लावता १० मीटरपर्यंत चालतो, डीजेआयचा ऑस्मो अॅक्शन ५ प्रो २० मीटरपर्यंत. पण त्यांना खरा ऑप्टिकल झूम नाही आणि अगदी जवळचं नीट टिपता येत नाही. फुलं, किडे, बेडूक, दगडावरचं शेवाळ, झाडावर बसलेला पक्षी, असलं ज्याला टिपायचंय त्याला रफ-टफ कॉम्पॅक्टच लागतो. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

डब्यावरचे आकडे वाचायला शिका

वॉटरप्रूफ १५ मीटर लिहिलंय म्हणजे १५ मीटर खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असतो तेवढा तो स्थिर पाण्यात सोसतो. दर १० मीटरला साधारण एक वातावरणाएवढा दाब वाढतो. ही परीक्षा शांत पाण्यात बुडवून घेतलेली असते, जोरात येणाऱ्या पाण्याची नाही. बुडवण्याची चाचणी आणि धारेची चाचणी या दोन वेगळ्या आहेत, एक पास झाली म्हणजे दुसरी झाली असं नसतं. म्हणून कॅमेरा हातात घेऊन धबधब्याच्या धारेखाली धरू नका, आणि उंचावरनं डोहात उडी मारताना तर अजिबात नको, कारण पाण्यावर आपटताना दाब एकदम वाढतो. गाडी धुवायच्या पाइपखाली चिखल काढायला धरतात काही जण, ते पण नको.

आपल्याला रोजच्या वापराला १० मीटरसुद्धा डोक्यावरनं पाणी आहे. कधी मालवण-तारकर्लीला स्नॉर्कलिंगला गेलात तरी पुरतो. स्कूबा शिकून पुढं जायचं असेल तर वेगळी केस घ्यावी लागते, तो विषय वेगळा.

शॉकप्रूफचा आकडा २.१ मीटर, १.६ मीटर असा असतो. या चाचण्या बहुतेक वेळा लाकडी प्लायवर टाकून घेतलेल्या असतात. आपला सडा प्लायचा नाही, जांभ्याचा आहे, त्याला कोपरे असतात, आणि कॅमेरा काचेवर पडला तर आकडा काही वाचवत नाही. मनगटाची दोरी बांधलेलीच पाहिजे. आणि एकदा जोरात पडला की त्या दिवशी पाण्यात घालू नका, घरी येऊन झाकण आणि सील तपासा, मगच.

फ्रीझप्रूफ उणे १० अंश वगैरे महाबळेश्वरच्या थंडीला पण लागत नाही, हिमालयात जाणार असाल तर बघा. मेगापिक्सेलकडं तर बघूच नका. या जातीच्या जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांत सेन्सर १/२.३ इंची असतो, म्हणजे साधारण ६ बाय साडेचार मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षा लहान. त्यावर १२ बसवले काय आणि २० बसवले काय, उलट कमी उजेडात कमी पिक्सेलवाला बऱ्याचदा स्वच्छ येतो.

उजेडाचं गणित

लेन्सच्या कडेला किंवा डब्यावर एफ २.०–४.९ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. एफ २.० आणि एफ ३.५ यात फरक दिसायला दीड आहे, पण उजेड तिप्पट. तिप्पट म्हणजे काय, तर धुक्यात एका कॅमेऱ्याला आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद, वाढवली की फोटो खराब होतो) १२०० लागतोय तिथं दुसऱ्याचं ४०० वर भागतं, आणि एवढ्या लहान सेन्सरवर ४०० आणि १२०० मध्ये हिरवं गवत गवतासारखं दिसतं की हिरव्या रंगाचा पोतेरा फिरवल्यासारखं, एवढा फरक पडतो.

झूम केला की मात्र हा फायदा जवळजवळ संपतो. एफ ४.९ आणि ५.५ मध्ये विशेष काही नाही. म्हणून पावसात शक्यतो झूम नका करू, दोन पावलं पुढं जा. जिथं पुढं जाता येत नाही तिथं, म्हणजे ठोसेघरला गॅलरीतनंच बघायचं असतं, तिथं झूम वापरायचाच, पण कॅमेरा कठड्यावर टेकवून.

तुम्हाला प्रश्न पडेल की एवढी बारीक लेन्स का देतात. कारण या कॅमेऱ्यांत झूम करताना लेन्स बाहेर येत नाही, सगळं आतल्या आत सरकतं, समोर एक काच पक्की बसवलेली असते. बाहेर आत करणारी नळी असती तर तिथनं पाणी शिरायला वाट मिळाली असती.

जवळनं टिपणं

कासवाल्यांसाठी ही पायरी सगळ्यात मोठी. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पठारावर जे फुलतं त्यातलं अर्धं तरी नखाएवढं असतं. सीतेची आसवं घ्या, दवबिंदू घ्या. दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती, पानांवर लालसर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, उन्हात चमकतो. उभ्यानं बघितलं तर गवतात काहीतरी लाल दिसतं एवढंच. कॅमेरा खाली नेऊन एक सेंटिमीटरवर आणला की एकेक थेंब वेगळा दिसतो, त्यात अडकलेली चिलटाएवढी माशी दिसते, तिचा एक पाय थेंबातनं सुटायला धडपडत असतो तो पण दिसतो. फोनला हे जमत नाही असं नाही, पण बऱ्याच फोनमध्ये जवळचा फोटो वाइड लेन्सनं काढला जातो आणि तेवढा बारकावा येत नाही.

पण एक सेंटिमीटरवर गेलं की कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते. म्हणून घेताना विचारा की लेन्सभोवती एलईडी आहेत का, किंवा उजेड पुढं आणणारी रिंग लावता येते का. याच्याशिवाय मायक्रोस्कोप मोड, म्हणजे असं अगदी जवळनं टिपायची सोय, अर्धवट काम. दुसरं विचारा, त्या मोडमध्ये फोटो पूर्ण आकाराचा मिळतो का, कारण काही कॅमेरे तिथं फक्त दोनेक मेगापिक्सेलचा फोटो देतात.

आणि हे मनापासनं सांगतो, कासवर पायवाट सोडून आत जायचं नाही. वाटेच्या कडेला बसून जे मिळतं तेच पुष्कळ असतं. एका फोटोसाठी गुडघा टेकला तिथं पाच-पन्नास रोपं खाली जातात. कंदीलपुष्पासारखं दुर्मिळ काही दिसलं तर जीपीएस बंद करा किंवा फोटो टाकायच्या आधी लोकेशन काढून टाका, जागा कळली की लोक उपटून न्यायला कमी करत नाहीत.

मग नावं कुठली

जास्त पर्याय उरलेले नाहीत. निकॉनचा डब्ल्यू३००, फुजीचा एक्सपी१४०, पॅनासॉनिकचा एफटी७ हे चांगले कॅमेरे होते, आता नवीन बनत नाहीत, मिळाले तर जुने किंवा पडून राहिलेले.

ओएम सिस्टीमचा टीजी-७ हा २०२३ ला आला. ओएम सिस्टीम म्हणजे आधीचं ऑलिम्पसच, २०२१ पासनं कॅमेऱ्याचा धंदा वेगळ्या कंपनीकडं गेला. १२ मेगापिक्सेल, लेन्स एफ २.० पासून, चारपट झूम (२५ ते १०० मिमी), १५ मीटर पाणी, २.१ मीटर पडणं, १०० किलोचा दाब, समोरच्या काचेत धुकं धरू नये म्हणून दुहेरी काच, रॉ फोटो (नंतर कॉम्प्युटरवर सुधारता येणारा कच्चा फोटो), एक सेंटिमीटरवरनं पूर्ण आकाराचा फोटो, यूएसबी-सी चार्जिंग. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. आधीचा टीजी-६ पण लेन्सनं तोच, फक्त चार्जिंगचं सॉकेट जुन्या पद्धतीचं. कमी किमतीत चांगला टीजी-६ मिळाला तर डोळे झाकून नको पण जरूर विचार करा. कमी काय आहे तर शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) स्वतः ठरवायची सोय नाही, आणि स्क्रीनला टच नाही. आपल्या पावसात टच नसलेलं बरंच.

पेंटॅक्सचे डब्ल्यूजी-९० आणि डब्ल्यूजी-८. पहिला १४ मीटरचा, १६ मेगापिक्सेल, दुसरा २० मीटरचा, २० मेगापिक्सेल. दोन्हीत पाचपट झूम, लेन्सभोवती एलईडी आधीच बसवलेले. पण लेन्स एफ ३.५ पासनं सुरू, आणि रॉ नाही. डब्ल्यूजी-९० स्वस्तातला आहे, घरात लहान मुलं आहेत, नदीला, शेततळ्याला नेणार, बिनधास्त वापरायचाय, तर तो बरा. धुक्यातले, जंगलातले, फुलांचे फोटो हाच छंद असेल तर मी टीजीच सुचवीन, जास्त पैसे त्या लेन्सचेच आहेत.

कोडॅकच्या नावानं डब्ल्यूपीझेड२ मिळतो, १५ मीटर. उन्हातल्या फोटोला ठीक, कमी उजेडात अपेक्षा ठेवू नका.

घेताना

आपल्याकडं साताऱ्यात काय, सांगलीत काय, हे कॅमेरे दुकानात सहसा ठेवलेले नसतात, मागवून द्यावे लागतात. तरी दुकानदाराशी बोला, पुण्यात जाऊन हातात धरून बघता आला तर सगळ्यात चांगलं. अमेरिकेत टीजी-७ ५५० डॉलरला आला होता, इथं आयात, कर सगळं धरून आकडा वर जातो, म्हणून कुणी फारच स्वस्तात देत असेल तर तो बाहेरून आणलेला, इथली वॉरंटी नसलेला माल आहे का ते तोंडावर विचारा. जीएसटीचं पक्कं बिल, भारतातली वॉरंटी, सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात, आणि सील बदलून मिळतं का. हे शेवटचं कोण विचारत नाही आणि तेच मुख्य आहे, कारण रबरी सील हे झिजणारं आहे, कंपन्या साधारण वर्षातून एकदा बदलून घ्यायला सांगतात.

हातात धरल्यावर बॅटरीचं झाकण दोन-चार वेळा उघडून लावून बघा. दुहेरी लॉक असलेलं चांगलं, पाठीवरच्या सॅकमध्ये घासून आपोआप उघडत नाही. हात ओला करून बटणं दाबून बघा, शटर आणि झूमचं बटण न बघता सापडलं पाहिजे.

जुना घेत असाल तर झाकणाच्या खोबणीत गंज किंवा हिरवट-पांढरी पूड आहे का बघा, असेल तर पाणी जाऊन आलेलं आहे, सोडून द्या. लेन्सच्या काचेच्या आतल्या बाजूला डाग, बुरशीची जाळी, तेच. सील कडक झालंय का, नखानं हळूच दाबलं तर परत वर येतं का. विकणारा तयार असेल तर बॅटरी आणि कार्ड काढून आत टिश्यू पेपरची घडी ठेवा, झाकण लावा, बादलीत अर्धा तास बुडवा, बाहेर काढून आधी पूर्ण पुसा आणि मग उघडा. टिश्यूचा एक कोपरा जरी ओला झाला तर व्यवहार नको.

सोबत लगेच घ्यायचं ते म्हणजे तरंगणारी दोरी, भडक नारिंगी किंवा पिवळी. हे कॅमेरे पाण्यात बुडतात, आणि शिवसागरात लाँचवरनं पडला तर परत मिळायचा नाही. एक जादा बॅटरी, कंपनीचीच, कारण नकली बॅटरी फुगली की बाहेर निघत नाही. ६४ जीबीचं व्ही३० (वेगाचा दर्जा) कार्ड, ४के व्हिडिओला पुरतं.

घरनं निघायच्या आधी

पाणी आत जातं ते बहुतेक वेळा कॅमेरा खराब म्हणून नाही, झाकणात काहीतरी अडकलं म्हणून. रात्री पंख्याखाली, कोरड्या खोलीत बसा. झाकण उघडा, खिडकीकडं किंवा टॉर्चसमोर तिरकं धरा आणि रबराच्या कडेनं सावकाश बघत जा. डोक्याचा एक केस, टॉवेलचा धागा, वाळूचा कण, एवढं पुरतं. कोरड्या मायक्रोफायबरनं रबर पुसा, समोरची कड, जिच्यावर रबर टेकतं, ती पण पुसा. कापूस, टिश्यू नको, त्याचेच धागे राहतात. मग बॅटरी-कार्ड घालून झाकण लावा, आणि दिवसभर उघडू नका. भर पावसात, धुक्यात उघडलं तर दमट हवा आत कोंडली जाते, आणि नंतर थंड पाण्यात किंवा गार वाऱ्यात गेलं की लेन्सच्या आतनं धुकं धरतं, ते पुसता येत नाही. म्हणून बॅटरी पूर्ण भरून, कार्ड रिकामं करून निघायचं. बदलावीच लागली तर गाडीत बसून, हात कोरडे करून बदला.

तिथं पोचल्यावर

समोरच्या काचेवरचा थेंब हाच पावसातला मोठा शत्रू. स्क्रीन लहान असते, तिथं कळत नाही, घरी येऊन बघितलं तर प्रत्येक फोटोच्या मध्यभागी एक धुरकट गोळा. दर चार-पाच फोटोंनंतर काच बघायची सवय लावा, कापड झिप लॉकच्या पिशवीत कोरडं ठेवा. काच खाली तोंड करून धरायची, फोटोच्या वेळीच वर.

धुक्यात कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, तो सगळं करडं करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) अधिक ०.७ किंवा अधिक १ करा, धुकं पांढरं येईल. भडक पिवळ्या सोनकीला उलट, थोडं कमी करा, नाहीतर पाकळ्यांचा नुसता पिवळा ठिपका होतो. पठारावर वारा असतोच, फूल हलत असतं, तिथं फोकस स्टॅकिंगच्या (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करायच्या) नादाला लागू नका, बर्स्टवर (एका दमात सलग फोटो) ठेवून सात-आठ फोटो काढा, एक तरी मिळतो. आयएसओची वरची मर्यादा १६०० वर बांधून ठेवा. जीपीएस लॉग (फिरलेल्या वाटेची नोंद) चालू राहिला तर कॅमेरा बंद असताना पण बॅटरी खातो, लागत नसेल तर बंद.

पाण्याखालचे फोटो काढायचेत तर पावसाळा सोडा, हिवाळ्यात पाणी निवळतं तेव्हा काढा. पाण्याखाली काही फुटांवरच लाल रंग आधी जातो, म्हणून अंडरवॉटर मोड लावा.

परत आल्यावर

झाकण न उघडता साध्या पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवा, आतल्या आत बटणं दाबा, झूम हलवा, म्हणजे फटीतली माती निघते. समुद्रावरनं आलात तर हे त्याच दिवशी, मीठ वाळलं की सीलला चिकटतं. गरम पाणी, साबण, हेअर ड्रायर यातलं काही नको. पुसा, सावलीत पूर्ण वाळू द्या, झाकणाच्या कडेचं पाणी झटका, आणि मगच उघडून कार्ड काढा. उघडल्यावर कडेला एखादा थेंब दिसला तर टिपून घ्या आणि तासभर झाकण उघडंच ठेवा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून ठेवा, आपल्या पावसाळ्यात कपाटातसुद्धा लेन्सला बुरशी धरते. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, रंग बदलला की वाळवून परत वापरता येतात.

आणि सीझन संपला की, म्हणजे दिवाळीच्या आसपास, सील बदलायला पाठवून द्या. जूनमध्ये सगळे एकदम पाठवतात, तेव्हा कॅमेरा सर्व्हिस सेंटरला आणि पाऊस इकडं, असं होतं.